सेमीवर ठेवलेला पेंटबॉल मार्कर एका ओढीला दोन बॉल सोडतो, रिसेट करूनही पुन्हा तेच

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: मोड सेमीच (एका ओढीला एकच बॉल) आहे, दोनदा तपासला, तरी मधूनच एका ओढीला दोन बॉल सुटतात. मग कोणीतरी फॅक्टरी रिसेट करायला सांगतं. रिसेटनंतर एखादा दिवस बरा जातो आणि पुढच्या खेळाला येरे माझ्या मागल्या. आमच्या गटातले इलेक्ट्रॉनिक पेंटबॉल मार्कर उघडून साफ करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, आणि इतर कुठल्याही बिघाडापेक्षा या एका तक्रारीवर माझा जास्त वेळ गेलाय. त्यातला निम्मा वेळ चुकीच्या जागी गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आम्ही मेनूत शोधत होतो आणि दोष ट्रिगरच्या दोन मिलिमीटरांच्या प्रवासात होता.

मार्करमधल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला तुमचं बोट दिसत नाही, त्याला फक्त स्विच कळतो. तुम्ही एकदाच ओढलंत पण स्विच दोनदा मिटला, तर बोर्डाच्या हिशेबी दोन ओढी झाल्या आणि सेमीच्या नियमाने दोन बॉल जायलाच हवेत. मोड अगदी बरोबर चाललेला असतो, त्याला मिळालेली माहिती चुकीची असते. म्हणून पहिला प्रश्न हा, की जादा बॉल मोडने सोडला की ट्रिगरने. तो प्रश्न सुटेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका, कारण बदललंत की मूळ खूण पुसली जाते.

आधी मार्कर रिकामा करा

लोडर (वरचा बॉलचा डबा) काढला म्हणजे मार्कर रिकामा झाला असं समजू नका. एक बॉल ब्रीचमध्ये (नळीमागे बॉल येऊन बसतो त्या जागेत) डिटेंटला, म्हणजे बॉल अडवणाऱ्या अटकेला, टेकून बसलेला असू शकतो, आणि हवेचा टँक काढल्यावरही आत एखाद-दोन फैरींपुरती हवा उरते. बॅरल सॉक (नळीच्या तोंडावरची पिशवी) लावा, लोडर काढा, टँक सोडवा, सुरक्षित दिशेला धरून उरलेली हवा सोडा, मग ब्रीच बघा. हवा जोडलेली असताना तपासणी करणाऱ्याच्या आणि आसपासच्या प्रत्येकाच्या तोंडावर मास्क हवा. मैदानावर बॉलच्या वेगाची वरची मर्यादा सहसा सेकंदाला ३०० फूट असते, म्हणजे जवळपास ९१ मीटर. साधारण तीन ग्रॅमचा बॉल त्या वेगाने उघड्या डोळ्यावर आला तर दृष्टी जाऊ शकते. आणि आपण इथे बोलतोय ते न सांगता सुटणाऱ्या मार्करबद्दल, तेव्हा ही पायरी गाळून पुढे जाऊ नका.

कोणता मोड कसा ओळखायचा

मार्कर दुसऱ्याकडून घेतलेला असेल तर त्यात कुठला मोड आहे हे विकणाऱ्याच्या शब्दावर सोडू नका. एलईडीच्या रंगावरून ओळखायचं तर त्याच बोर्डाची पुस्तिका लागते, कारण प्रत्येक उत्पादकाचे रंग वेगळे. वागणुकीवरून मात्र कोणताही मार्कर ओळखता येतो.

सेमीत ओढीला एक बॉल. बर्स्टमध्ये ओढीला ठरलेले, बहुधा तीन. फुल ऑटोत ट्रिगर धरून ठेवाल तोवर. ऑटो-रिस्पॉन्समध्ये ओढताना एक आणि सोडताना दुसरा. रॅम्पिंग थोडं गुंतागुंतीचं आहे: सुरुवातीच्या काही ओढी सेमीसारख्या जातात, मग तुमचा ओढण्याचा वेग ठरलेल्या उंबरठ्याच्या वर गेला की बोर्ड स्वतःहून बॉल वाढवतो आणि नेमून दिलेल्या कमाल वेगावर नेऊन ठेवतो. वेग कमी झाला किंवा बोट थांबलं की पुन्हा सेमी. मेनूमध्ये पीएसपी, मिलेनियम, एनएक्सएल अशी जी नावं दिसतात ती स्पर्धामालिकांची आहेत. किती ओढींनंतर रॅम्प सुरू व्हावा, तो टिकवायला किती वेगाने ओढत राहावं लागेल, कमाल किती, याचे ज्याचे त्याचे नियम त्या नावाखाली बोर्डात भरलेले असतात.

या रॅम्पचा इतिहास आपल्या तक्रारीशी थेट जोडलेला आहे. १९९६ मध्ये स्मार्ट पार्ट्सचा शॉकर आला आणि पुढच्या काही वर्षांत इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सगळीकडे पसरले. ट्रिगर जसजसे हलके झाले तसतशी पंचांची अडचण वाढली: एका ओढीला दोन बॉल गेले, तर ते मुद्दाम बसवलेल्या लबाडीच्या प्रोग्रामने गेले की नुसता स्विच उसळल्याने, हे मैदानात उभं राहून ठरवताच येईना. शेवटी मोठ्या स्पर्धांनी खऱ्या सेमीचा आग्रह सोडला, रॅम्पला मान्यता दिली आणि फक्त कमाल वेगावर मर्यादा घातली, कारण वेग यंत्राने मोजता येतो. अनुभवी पंचांनाही कानांनी जो फरक ओळखता आला नाही, तो आपल्याला खेळाच्या गडबडीत ओळखता येईल ही अपेक्षाच चुकीची आहे. तो शांतपणे, टेबलावरच तपासावा लागतो.

संथ ओढींची चाचणी

दर दोन सेकंदांना एक, अशा वीस ओढी. प्रत्येक वेळी ट्रिगर पूर्ण ओढा, क्षणभर धरून ठेवा, मग पूर्ण सोडा. बॉल वाया घालवायचे नसतील तर ब्रीच रिकामी ठेवून डोळे बंद करा (डोळे म्हणजे ब्रीचमधले इन्फ्रारेड सेन्सर) आणि कोरड्या फैरी मोजा. डोळे चालू राहिले तर समोर बॉल दिसत नाही म्हणून मार्कर उडणारच नाही, आणि तुम्ही भलताच बिघाड शोधत बसाल.

एवढ्या संथ गतीला रॅम्प सुरू होऊच शकत नाही, त्याचा उंबरठा सेकंदाला कित्येक ओढींचा असतो. त्यामुळे इथेही जादा फैर दिसली तर रॅम्पवरचा संशय तिथेच संपतो. मग किती वेळा आणि कधी दिसली ते बघा. वीसपैकी वीस वेळा तीन-तीन गेल्या तर बर्स्ट आहे. वीसपैकी वीस वेळा सोडताना दुसरी गेली तर ऑटो-रिस्पॉन्स. वीसपैकी तीन-चार वेळाच, कधी ओढताना कधी सोडताना, असं झालं तर तो कोणताही मोड नाही. मोड नियमाने वागतो. अधूनमधून होणारी गोष्ट यांत्रिक असते किंवा विजेच्या जोडणीची. हिला आम्ही सगळे बाउन्स म्हणतो.

वीसही ओढी स्वच्छ गेल्या आणि जादा बॉल फक्त वेगाने मारतानाच दिसत असेल, तर दोन शक्यता उरतात. एक, मोड सेमी नसून रॅम्पच आहे. दुसरी लोकांना सहसा माहीत नसते: काही बोर्ड तुमची ओढ राखून ठेवतात. कमाल वेगापेक्षा जलद ओढलंत, किंवा ओढलंत तेव्हा समोर बॉलच नव्हता, तर ती ओढ क्षणभर शिल्लक राहते आणि संधी मिळताच सुटते. बोट थांबल्यावर जाणारा तो एकटा बॉल बाउन्ससारखा दिसतो, पण ट्रिगरमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. कमाल वेग आणि लोडर बघितला की उत्तर मिळतं.

फोनवर आवाज रेकॉर्ड करा. ध्वनीच्या आलेखात फैरी सुटसुटीत दिसतात आणि मोजता येतात. कमाल वेग सेकंदाला १०.२ बॉलवर ठेवला असेल तर सलग फैरींमधलं अंतर ९८ मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवं. १२.५ ला ते ८०, १५ ला ६७. ओढी तुम्ही मोजायच्या, फैरी आलेखाने.

हवेशिवाय तीच चाचणी

आता टँक काढून, मार्कर पूर्ण रिकामा करून, डोळे बंद ठेवून पुन्हा वीस संथ ओढी. बॉल नाही, हवा नाही, ऐकायचा फक्त सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या हवेच्या झडपेचा) बारीक ‘टिक’. कान फ्रेमला (ट्रिगर आणि बोर्ड असलेल्या मुठीच्या भागाला) लावण्याइतकं शांत ठिकाण निवडा.

हवेशिवायही दुहेरी टिक ऐकू आली, तर दोष स्विचमध्ये, त्याच्या जोडणीत किंवा डिबाउन्सच्या (स्विचची थडथड गाळण्याच्या) सेटिंगमध्ये आहे, कारण मार्करला धक्का देणारं दुसरं काही त्या वेळी आत चालूच नाही. हवेशिवाय सगळं स्वच्छ आणि हवा जोडल्यावर दुहेरी, तर बोल्टच्या (बॉल नळीत ढकलणाऱ्या दांड्याच्या) हालचालीचा धक्का ट्रिगरपर्यंत पोहोचतोय: मार्कर मागे येतो, बोट जागेवर राहतं, पुन्हा पुढे जातो, आणि अर्धवट सुटलेला ट्रिगर त्याच बोटावर आदळतो. मार्कर सैल धरला की हे वाढतं, खांद्याला घट्ट टेकवला की कमी होतं. म्हणूनच पुष्कळ जण सांगतात, घरी चांगला चालतो आणि मैदानात बिघडतो. घरी तो शांतपणे दोन हातांत धरलेला असतो, मैदानात बंकरच्या (आडोशाच्या) कडेने एका हाताने बाहेर काढलेला.

मला ही चाचणी उशिरा सुचली, आणि त्याची किंमत मी मोजली आहे. एका सामन्यात पंचांनी माझा मार्कर दुहेरी मारतो म्हणून मला बाहेर काढलं. मी डिबाउन्स जवळजवळ टोकाला नेला. दुहेरी थांबलं, पण ट्रिगर बधिर झाला. पटापट ओढलेल्यातल्या कित्येक ओढी बोर्ड गिळून टाकू लागला. तीन आठवड्यांनी दुहेरी पुन्हा सुरू झालं, तेही त्या टोकाच्या सेटिंगवर. तेव्हा कुठे फ्रेम उघडली. कधीतरी आत फुटलेल्या बॉलचा रंग ट्रिगरच्या पिनेपर्यंत ओघळून वाळला होता. ट्रिगर पुढे परत येताना शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला अडकत होता, म्हणजे स्विच सुटण्याच्या बिंदूवरच रेंगाळत होता, आणि प्रत्येक धक्क्याला मिटत-उघडत होता. पिन पुसली आणि डिबाउन्स मूळ आकड्यावर आणला. तो मार्कर पुढचा सबंध हंगाम नीट चालला.

ट्रिगर बसवण्याचा क्रम

इथे घाई करू नका, कारण बहुतेक दुरुस्ती हीच आहे.

पिन काढा, ट्रिगर काढा, पिन आणि तिचं भोक कोरड्या कापडाने पुसा, रंग वाळला असेल तर कापड किंचित ओलं करा. पेंटबॉलमधला रंग पाण्याने निघतो, जहाल द्रावणांची गरज नसते. पिनेला ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. मायक्रोस्विचवर किंवा बोर्डावर तेलाचा, ग्रीसचा थेंबही जाऊ देऊ नका. तेल धूळ धरून ठेवतं आणि ती धूळ पुढे स्विचच्या आत जाते.

मग सगळे स्क्रू सैल करा. नावं बोर्डागणिक बदलतात, पण कामं साधारण चार: पुढचा स्क्रू ट्रिगर कुठे विसावतो ते ठरवतो, मागचा तो कुठवर जातो ते, एक स्विच नेमका कुठे मिटतो ते, आणि चुंबक किंवा स्प्रिंगचा स्क्रू परत येण्याचा जोर. आधी परतीचा जोर वाढवा. मार्कर उलटा धरा, म्हणजे ट्रिगर स्वतःच्या वजनाने भलत्या दिशेला ओढला जाईल. तरीही तो पूर्ण आणि झटकन परत येतो का बघा. आडवा धरून, नळी वर करून, नळी खाली करून तेच करा. एकाही स्थितीत रेंगाळला तर जोर कमी आहे. हलक्या ट्रिगरचा मोह मला समजतो, पण चुंबक इतका सैल केलेला ट्रिगर वेगवान वाटतो आणि प्रत्यक्षात बोटाच्या थरथरीवर चालतो.

नंतर स्विच. प्रत्येक मायक्रोस्विचचा मिटण्याचा बिंदू आणि सुटण्याचा बिंदू वेगळा असतो, सुटायला ट्रिगर थोडा जास्त पुढे यावा लागतो. पुढचा स्क्रू इतका आत घेतला असेल की विसावलेला ट्रिगर सुटण्याच्या बिंदूला जेमतेम ओलांडतो, तर किंचित धक्क्यानेही स्विच पुन्हा मिटणार. म्हणून विसाव्याची जागा आणि सुटण्याचा बिंदू यांच्यात स्पष्ट अंतर ठेवा. काही बोर्डांवर ट्रिगर दाबला गेला की एलईडी तसं दाखवतो; तो नसेल तर स्विचची ‘कट’ ऐकत, ट्रिगर अगदी सावकाश पुढे-मागे करत दोन्ही बिंदू शोधा.

मागच्या स्क्रूची चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. ट्रिगरचा प्रवास कमी करायच्या नादात तो नेमका मिटण्याच्या बिंदूवरच थांबवतात. स्विच तेव्हा मिटलेला असतो, पण काठावर. बोल्ट हलला की संपर्क सुटतो आणि पुन्हा जुळतो, आणि बोट ट्रिगरवर घट्ट दाबलेलं असतानाच दुसरा बॉल जातो. ट्रिगर दाबून धरलेला असताना जादा बॉल येत असेल तर आधी इथेच बघा. मिटल्यानंतरही ट्रिगर आणखी थोडा दबला पाहिजे.

सगळं मनासारखं बसलं की उतरवता येण्याजोग्या प्रकारचं थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप फिरू न देणारा गोंद) स्क्रूच्या आट्यांना नखाएवढंही नको, सुईच्या टोकावर मावेल एवढं लावा. ते प्लास्टिकला लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. हा भाग गाळला की तक्रार परत येते. हजारो फैरींच्या कंपनांनी हे बारीक स्क्रू आपोआप फिरतात. फिरले की ट्रिगर काठावर येतो, काठावर आला की बाउन्स, मग कोणीतरी रिसेट करतो. स्क्रू कुठे होता हे कळावं म्हणून मी त्याच्या डोक्यापासून फ्रेमपर्यंत कायमच्या शाईची एक बारीक रेघ मारून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की कारण हातात.

मायक्रोस्विचऐवजी प्रकाशाचा किंवा चुंबकीय सेन्सर असेल तर धातूचे संपर्क उसळण्याचा प्रश्न येत नाही. पण काठावर विसावलेला ट्रिगर तिथेही दुहेरी मारतो, आणि प्रकाशाच्या सेन्सरसमोर केस किंवा धूळ आली तर त्याचा बिंदूच सरकतो. पुसा, मग पुस्तिकेत कॅलिब्रेशनची पायरी असेल तर ती पुन्हा करा.

डिबाउन्स शेवटी

धातूचे दोन संपर्क जुळताना एका झटक्यात जुळत नाहीत, काही मिलिसेकंद ते थडथडतात. एवढ्या वेळात झालेली उघडझाप मोजू नकोस, असं बोर्डाला सांगणं म्हणजे डिबाउन्स. याचा उपयोग संपर्कांच्या थडथडीपुरता. बोट ट्रिगरवर पुन्हा आपटण्याला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, त्यामुळे धक्क्याने होणारं दुहेरी डिबाउन्सने मारायला गेलात तर आकडा इतका वाढवावा लागतो की खऱ्या ओढीही गळू लागतात. सेकंदाला पाच-सहा ओढी मारणाऱ्याला ते फारसं जाणवणार नाही, कारण त्याची एक ओढ पावणेदोनशे मिलिसेकंदांची असते. दोन बोटांनी पंधरापर्यंत नेणाऱ्याची पूर्ण ओढ ६७ मिलिसेकंदांत आटपते, त्यात स्विच खरोखर सुटलेला असण्याचा काळ त्याहून खूप कमी. त्याच्या ओढी गळतात.

काही बोर्डांत दाबण्याची गाळणी वेगळी आणि सोडण्याची वेगळी असते. दुहेरी बहुतेक सोडताना येत असेल तर फक्त सोडण्याची वाढवून बघा. आकडा वाढला म्हणजे गाळणी घट्ट झाली की सैल, हे पुस्तिकेत बघूनच हात लावा. ट्रिगर नीट बसवल्यावर डिबाउन्स हळूहळू सैल करत जा, हवेशिवायच्या चाचणीत जिथे पहिली दुहेरी टिक ऐकू येईल तिथे थांबा, आणि दोन पायऱ्या घट्ट करा. पुढे कधी त्याच आकड्यावर पुन्हा टिक ऐकू आली आणि स्क्रूंवरच्या रेघा जागेवर असल्या, तर स्विच झिजला आहे. तो बदलायचा. बोर्डावर झाळलेला असेल तर झाळकाम येणाऱ्याकडूनच, कारण शेजारचे सुटे भाग उष्णतेने सहज जातात.

उलट तक्रार: रॅम्प लागत नाही, किंवा लागून तुटतो

हीदेखील मोडची म्हणूनच येते, आणि तिचंही मूळ बहुधा दुसरीकडे असतं. रॅम्प अजिबात लागत नसेल तर हवेशिवाय, सेमीत, दहा जलद ओढी मारा आणि टिक मोजा. सात-आठच भरल्या तर बोर्डापर्यंत ओढी पोहोचत नाहीत. ट्रिगर पूर्ण सुटत नाहीये किंवा आधी कोणीतरी डिबाउन्स घट्ट करून ठेवलाय. बाउन्सवर चुकीचा इलाज केलेल्या मार्करमध्ये पुढच्या महिन्यात हीच तक्रार येते, म्हणून मी दोन्ही एकत्र लिहितोय. दहाच्या दहा भरल्या तर मेनूतला उंबरठा आणि निवडलेला रॅम्प बघा.

रॅम्प लागतो पण मध्येच खंड पडतो, तेव्हा आधी लोडर. १०.२ च्या वेगाला दर ९८ मिलिसेकंदांना एक बॉल ब्रीचमध्ये येऊन स्थिर व्हायला हवा. लोडरची बॅटरी उतरली, बॉल दमटपणाने फुगले किंवा फीडनेक (लोडर बसतो तो गळा) सैल राहिला की डोळे बोर्डाला थांबवतात. हे थांबणं चांगलं आहे, त्यामुळे बॉल बोल्टखाली चिरडत नाही. डोळे बंद करून खंड घालवणं हा इलाज समजू नका. खंड जातो, पण ब्रीचमध्ये रंग होतो, तो रंग ओघळून ट्रिगरच्या पिनेपर्यंत जातो, आणि पुढे काय होतं ते वर सांगितलंच.

डोळे घाण असतील तर प्रकार वेगळा. बॉल गेल्यावरही किरण अडलेलाच दिसतो, बोर्ड समजतो की डोळे बिघडले, आणि पुष्कळ बोर्ड अशा वेळी वेग आपणहून खाली आणतात. खेळणाऱ्याला वाटतं मोड बदलला. कापसाच्या काडीने दोन्ही बाजूंच्या खिडक्या पुसा, आणि पॅनेल बंद करताना डोळ्यांची वायर खाली चिमटत नाही ना ते बघा. चिमटलेली वायर फक्त मार्कर वाकडा धरल्यावर तुटक चालते, टेबलावर कधीच दोष दाखवत नाही. मला एकदा ती सापडायला दोन संध्याकाळी लागल्या.

सलग मारताना खंड न पडता बॉल जवळ पडू लागले, तर तो हवेचा प्रश्न आहे: रेग्युलेटर (हवेचा दाब नेमून देणारा भाग) त्या ९८ मिलिसेकंदांत पुन्हा भरत नाही. क्रोनोग्राफवर (बॉलचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक बॉल मोजून हे कळणार नाही, सलग मारूनच मोजा. ड्वेल, म्हणजे सोलेनॉइड किती वेळ उघडा राहतो, तो कमी पडत असेल तरी असंच दिसतं. पण त्याला हात रेग्युलेटर साफ केल्यावरच लावा.

बॅटरी आणि हरवणारी सेटिंग्ज

नऊ व्होल्टची बॅटरी उतरायला लागली की सोलेनॉइड पुरेसा जोर लावत नाही, फैर गळते, कधी सलग मारताना बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. चांगली अल्कलाइन वापरा. नऊ व्होल्ट म्हणून मिळणाऱ्या पुनर्भरणाच्या कित्येक बॅटऱ्यांचा प्रत्यक्ष दाब त्याहून कमी असतो, आणि स्वस्त झिंक-कार्बनच्या बॅटऱ्या सोलेनॉइडला एकदम लागणारी वीज देऊ शकत नाहीत. मीटरवर नऊ दिसलं म्हणून बॅटरी निर्दोष ठरवू नका, मार्कर चालू असतानाचा दाब महत्त्वाचा. बॅटरीच्या टोकांची पकड सैल असेल तर ती हलक्या हाताने आवळा.

‘बॅटरी बदलली की मोड परत जुना होतो’ ही तक्रार खरी असते, पण कारण बहुतेक वेळा वेगळं निघतं. सेटिंग्ज बोर्डाच्या कायम स्मृतीत राहतात, बॅटरी काढल्याने जात नाहीत. मग मोड मुळात साठवलाच गेला नव्हता. एकतर टूर्नामेंट लॉक चालू होता: मैदानात कोणी मोड बदलू नये म्हणून बोर्डावर किंवा फ्रेमच्या आत ही कुलपाची सोय केलेली असते, आणि लॉक असताना काही बोर्ड आकडे दाखवतात पण बदलू देत नाहीत. नाहीतर मेनूतून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बाहेर न पडता थेट बॅटरी ओढली गेली. बदल करा, रीतसर बाहेर पडा, मार्कर बंद करा, चालू करा, आणि मेनूत जाऊन पुन्हा वाचा. वाचलेला आकडा खरा.

मैदानात नेण्याआधी मी शेवटी हे करतो: मास्क घालून, हवा आणि बॉल भरून, मार्कर एका हातात मुद्दाम सैल धरतो आणि सुरक्षित दिशेला दहा संथ ओढी मारतो. मग डाव्या हाताने दहा. मग नळी खाली करून दहा. तीसला तीस बॉल गेले तरच टूर्नामेंट लॉक लावतो. एकतीस गेले तर पुन्हा फ्रेम उघडतो, आणि पहिली नजर मागच्या स्क्रूवर टाकतो.